परदेशातल्या अनाथालयाची भेट: दत्तक मुलासोबत परत जाताना

परदेशातून दत्तक आलेली मुलगी सात-आठ वर्षांची झाली की एखाद्या रात्री अंथरुणात पडल्यापडल्या विचारते, "मी आधी राहायचे ते घर अजून आहे?" बरेच पालक दुसऱ्याच दिवशी विमानाची तिकिटं बघायला लागतात. जरा थांबा. घर आहे का, एवढंच तिनं विचारलंय. मला तिथे ने, असं अजून म्हटलेलं नाही.

भेट ठरवण्यापासून परतल्यानंतरच्या काही आठवड्यांपर्यंत काय काय करावं लागतं, ते इथे क्रमानं सांगते. त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या: ही भेट मुलाची आहे. आईबापांची उत्सुकता, आभार, फोटो हे सगळं त्याच्या मागून. पुढे कुठेही पेच पडला तर याच कसोटीवर घासून बघा.

आधी मुलाला विचारा, मग स्वतःला

दत्तक या गोष्टीची समज मुलांमध्ये कशी वाढत जाते, यावर डेव्हिड ब्रॉडझिन्स्की या मानसशास्त्रज्ञानं बरंच काम केलं आहे. पाच वर्षांचं मूल 'मी दत्तक आहे' हे कौतुकानं सांगतं, पण त्याचा अर्थ त्याला पुरता कळलेला नसतो. सहा ते आठच्या सुमारास त्याच्या लक्षात येतं, की या घरात येण्याआधी मी कुणाचं तरी होतो आणि त्यांच्यापासून तुटलो. त्याआधी नेलं तर सहल छान होते, पण मुलाच्या हाती फारसं काही लागत नाही. माझ्या मते आठ ते अकरा हे पहिल्या भेटीसाठी चांगलं वय. प्रश्न विचारण्याइतकी समज आलेली असते आणि आईचा हात धरायला अजून लाज वाटत नसते. तेरा-चौदाव्या वर्षी नकार आला तर तो शांतपणे घ्या, तिकिटाचे पैसे बुडाले तरी. अठरा ओलांडलेल्या मुलांनी स्वतः ठरवावं, आणि बोलावलं तर आईबापांनी बॅग उचलायला जावं.

लहान मुलांच्या मनात एक भीती असते जी ती बोलून दाखवत नाहीत: हे मला तिथे परत ठेवायला तर नेत नाहीत ना? तुम्हाला ती हास्यास्पद वाटेल, मुलाला वाटत नाही. "आपण चौघं जाणार आणि चौघं परत येणार" हे अनेकदा सांगा, परतीच्या तिकिटावरचं त्याचं नाव दाखवा, शाळा कुठल्या तारखेला पुन्हा सुरू होणार तेही कॅलेंडरवर खूण करून ठेवा. तिथे जन्मदाती आई बहुधा भेटणार नाही, हेही निघण्याआधी स्पष्ट शब्दांत सांगा. न सांगितलं तर मूल फाटकातून आत शिरताना प्रत्येक बाईच्या चेहऱ्यात स्वतःचं नाक शोधत बसतं.

आता तुमची पाळी. तुम्हाला का जायचंय ते कागदावर लिहा. कुणाला आभार मानायचे असतात, कुणाला जुनी अपराधी भावना उतरवायची असते, कुणाला हा विषय एकदाचा मिटवून टाकायचा असतो. यातलं शेवटचं कारण असेल तर आधीच सांगते, तो मिटत नाही. कारणं लिहिलेली असली की प्रवासात आपण कुणासाठी रडतोय ते तरी कळतं.

दोन दत्तक मुलं दोन वेगळ्या संस्थांमधून आलेली असतील तर दोन्ही भेटी एकाच आठवड्यात कोंबू नका. एकाला सांभाळणारी मावशी भेटते आणि दुसऱ्याच्या वाट्याला फक्त पाडलेली इमारत येते. हा फरक पचवायला मध्ये दिवस हवेत.

घरातले कागद: नीट वाचा, पण पूर्ण विश्वास टाकू नका

दत्तकाच्या वेळचं सगळं बाहेर काढा: न्यायालयाचा आदेश, वैद्यकीय अहवाल, मूळ देशाचा जुना पासपोर्ट, संस्थेची पत्रं, अंगावरचे कपडे, फोटो. फोटोंच्या मागची बाजू बघायला विसरू नका, तिथे हातानं लिहिलेले आकडे सापडतात. संस्थेच्या नोंदवहीतला क्रमांक मिळाला तर बाकी सगळ्यापेक्षा तो मोलाचा.

मुलाचं तिथलं नाव मूळ लिपीत मिळवा. चिनी नाव रोमन अक्षरांत लिहिलं की एकाच उच्चारामागे डझनभर वेगवेगळी चित्रलिपी अक्षरं असू शकतात आणि नोंदवहीत ते शोधणं अशक्य होतं. नाव मिळालं म्हणून घराण्याचा पत्ता लागला असंही समजू नका. चीनमध्ये अनेक संस्था आपल्या सगळ्या मुलांना एकच आडनाव देत. पक्ष या अर्थाचं 'डांग' आणि देश या अर्थाचं 'ग्वो' ही त्यातली प्रसिद्ध उदाहरणं. जन्मतारीखही पुष्कळदा डॉक्टरनं अंदाजानं लिहिलेली असते.

याहून अवघड गोष्ट म्हणजे कागदावरची कहाणीच खोटी असण्याची शक्यता. २००५ मध्ये चीनच्या हुनान प्रांतात काही अनाथालयांनी दलालांकडून बाळं विकत घेतल्याचं उघड झालं. कागदोपत्री ती बाळं रस्त्यावर सापडलेली होती. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगानं मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं, की परदेशी पाठवलेल्या मुलांच्या नोंदींमध्ये फेरफार झाले होते, आईवडील हयात असलेल्या मुलांनाही अनाथ दाखवलं गेलं होतं. तुमच्या मुलाच्या बाबतीत असं झालंच असेल असं मुळीच नाही. पण मुलाला सांगताना वाक्याची सुरुवात "तू अमुक ठिकाणी सापडलीस" अशी न करता "कागदात असं लिहिलंय, की..." अशी करा. उद्या कहाणी बदलली तर तुम्ही खोटे ठरणार नाही.

सगळ्या कागदांची रंगीत प्रत काढा, मूळ कागद घरीच ठेवा.

परवानगी

न कळवता दारात जाऊन उभं राहणं हा सगळ्यात वाईट मार्ग. तिथे मुलं राहतात. पहारेकरी तुम्हाला परत पाठवेल आणि ते योग्यच आहे.

निदान सहा महिने आधी लिहायला लागा. सुरुवात तुमच्या दत्तक संस्थेपासून करा. ती बंद पडली असेल तर तुमच्या देशाच्या मध्यवर्ती दत्तक प्राधिकरणाला विचारा, कारण बंद संस्थांची दप्तरं कुठे गेली याचा माग तिथून लागण्याची शक्यता जास्त. आंतरदेशीय दत्तकाबद्दलच्या १९९३ च्या हेग करारातलं कलम ३० यासाठी ठाऊक असू द्या. मुलाच्या मूळाची माहिती जपून ठेवणं आणि त्या देशाच्या कायद्यात बसेल तितकी ती योग्य मार्गदर्शनाखाली मुलाला पाहू देणं, ही जबाबदारी ते कलम सदस्य देशांवर टाकतं. पत्रात त्याचा सौम्य उल्लेख करावा. धमकी म्हणून वापरलंत तर दार बंदच होईल.

प्रत्येक देशाची तऱ्हा निराळी. चीनमध्ये विनंती केंद्रीय दत्तक केंद्राकडून स्थानिक बालकल्याण संस्थेकडे जाण्याची पद्धत रूढ झाली. कोरियात जुलै २०२५ पासून दत्तकाची जबाबदारी खासगी संस्थांकडून सरकारकडे आली आहे, त्यामुळे तिथली विचारपूस राष्ट्रीय बालहक्क केंद्राकडे करायची. कोलंबियात बालकल्याणाची सरकारी संस्था मूळ कुटुंबाच्या शोधासाठी अर्ज घेते. भारतात 'कारा' या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या नियमांनुसार अठरा पूर्ण झालेली व्यक्ती मूळ शोधण्यासाठी स्वतः अर्ज करते, त्याहून लहान असेल तर पालकांसोबत. तिसऱ्या माणसाला तो शोध घेता येत नाही.

शिवाय कितीतरी देशांनी परदेशी दत्तकच थांबवलं आहे: रुमानियानं २००१ मध्ये स्थगिती देऊन, ग्वाटेमालानं २००७ च्या अखेरीपासून, इथिओपियानं जानेवारी २०१८ मध्ये, चीननं २०२४ मध्ये, नात्यातल्या दत्तकाचा अपवाद ठेवून. दत्तक थांबलं म्हणजे भेटीचं दार बंद झालं असं नाही. पण काम संपलं की कार्यालयं आक्रसतात, माणसं निवृत्त होतात, दप्तरं हलतात. जायचं मनात असेल आणि मूल तयार असेल तर हे उगाच लांबवू नका.

पत्र एका पानाचं पुरे आणि तिथल्या भाषेत हवं. मुलाचं तिथलं नाव, जन्मतारीख, दत्तकाची तारीख, येणाऱ्या माणसांची संख्या, तुमच्या सोयीच्या दोन-तीन तारखा. मग तीन नेमक्या विनंत्या: फाइल बघायला मिळेल का, त्या काळी सांभाळणारं कुणी भेटेल का, मुलं राहायची ती जागा बघता येईल का. सोबत मुलाचा तेव्हाचा आणि आताचा असे दोन फोटो. फाइलवर निर्णय घेणारा कारकूनही माणूसच असतो, फोटो बघून तो जुनी कपाटं उघडतो.

पासपोर्टचा गुंता

हा भाग कंटाळवाणा आहे, पण चुकला तर बाकीचं सगळं पाण्यात जातं. मूळ देश मुलाला अजून आपलं नागरिक मानतो का, ते वकिलातीला लेखी विचारा. रशियाचं ठळक उदाहरण आहे: परदेशी दत्तक गेलेली मुलं रशियन नागरिक राहतात आणि त्यांनी देशात शिरताना रशियन पासपोर्ट दाखवावा अशी अपेक्षा असते, मोठ्या मुलांच्या बाबतीत लष्करी सेवेचा प्रश्नही त्यातून येतो. चीन दुहेरी नागरिकत्व मानत नाही. अमेरिकेत वाढलेल्या प्रौढांनी तर उलट बाजूनं तपासावं. परदेशातून दत्तक आलेल्या मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा तिथला २००० चा बालनागरिकत्व कायदा २७ फेब्रुवारी २००१ ला लागू झाला, आणि त्या दिवशी अठरा पूर्ण झालेल्यांना त्याचा लाभ मिळाला नाही. आपण नागरिकच नाही, हे काहींना चाळिशीत कळलं आहे. अशा माणसानं वकिलाला विचारल्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकू नये.

दुभाषा

पैसे वाचवायचे तर हॉटेलवर वाचवा, दुभाष्यावर नको. अनाथालयानं दिलेला माणूस सज्जन असेल, पण त्याची बांधिलकी संस्थेशी असते. तुमचा स्वतंत्र दुभाषा हवा, आणि स्थानिक बोली कळणारा हवा. राजधानीतला भाषातज्ज्ञ खेड्यातल्या म्हाताऱ्या दाईसमोर तुमच्याइतकाच अडाणी ठरतो.

भेटीच्या आदल्या दिवशी त्याच्याशी तासभर बसा, मुलाला न घेता. प्रश्नांची यादी द्या. दोन गोष्टी बजावून सांगा. सगळं भाषांतर कर, सारांश नको. दहा वाक्यांच्या बोलण्याचं "त्या म्हणतात, ठीक आहे" असं भाषांतर झालं की हवं असलेलं नेमकं वाक्य हरवतं. आणि काही धक्कादायक ऐकू आलं तर ते मुलासमोर लगेच बोलू नकोस, आधी ठरवलेली खूण कर. मग मूल बाहेर झोपाळ्यावर जाईल आणि तुम्ही ऐकून घ्याल. मोठ्या मुलाच्या बाबतीत मात्र ही सोय वापरू नका. ती माहिती त्याची आहे.

दिवस ठरवताना

उतरल्या उतरल्या अनाथालय नको. आधी तीन-चार दिवस तो देश मुलाला नुसता भेटू दे. रस्त्यावर सगळेच आपल्यासारखे दिसतात, ही गोष्ट काही मुलांना इमारतीपेक्षाही जास्त हलवून जाते. लोक त्याच्याशी तिथल्या भाषेत बोलायला येतात आणि त्याला काही कळत नाही, हेही टोचतं. "मला भाषा येत नाही" हे एक वाक्य तिथल्या भाषेत पाठ करून न्या. भेटीनंतरचा संपूर्ण दिवस मोकळा ठेवा: तलाव, पोहणं, झोप, काहीही. भेटीच्या संध्याकाळचं विमान पकडणाऱ्या पालकांची मला कीव येते.

त्या दिवशी

बहुतेक ठिकाणी सुरुवात संचालकांच्या खोलीत, चहा आणि औपचारिक भाषणानं होते. मूल कंटाळतं. त्याला आधीच सांगून ठेवा, की पहिला अर्धा तास मोठ्यांचा आहे.

फाइल समोर आली की वेळ तिथे घालवा. खोल्या आणि अंगण बघायला वीस मिनिटं पुरतात; फाइल पुन्हा बघायला मिळेलच असं नाही. प्रत मिळेल का विचारा, नाही म्हणाले तर फोटो काढू का विचारा, तेही नाही म्हणाले तर दुभाष्याला मोठ्यानं वाचायला सांगून लिहून घ्या. बघायच्या गोष्टी: दाखल झाल्याची तारीख आणि वेळ, कोणी आणून दिलं, पोलिसांची नोंद, अंगावर काय होतं, सोबत चिठ्ठी होती का, सुरुवातीचं वजन, आजार, कुठल्या खोलीत होतं, कुणाच्या सांभाळात दिलं होतं. चीनमध्ये बाळ सापडल्याची जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रात द्यावी लागे. ते कात्रण फाइलमध्ये असू शकतं आणि मुलाचा सगळ्यात जुना फोटो कदाचित तोच असतो.

यानंतरचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: तेव्हाचं कोण आहे? इमारत बहुधा नवी असते किंवा जागाच बदललेली असते. चीनमध्ये दोन हजारच्या दशकात कितीतरी संस्था नव्या वास्तूंमध्ये गेल्या, रुमानियात मोठी वसतिगृहं बंद झाली. आठवणी माणसांकडे असतात. चीनमध्ये सांभाळणाऱ्या बाईला 'आयी' म्हणतात, म्हणजे मावशी. मराठी कानाला तो शब्द भलताच जवळचा वाटतो. काही बाळं गावातल्या एखाद्या कुटुंबात सांभाळायला दिलेली असत, कोरियातही अशा सांभाळ करणाऱ्या आया होत्या. त्या निवृत्त झाल्या असल्या तरी निरोप जाऊ शकतो. ही बाई भेटली तर तिला मोठे प्रश्न विचारू नका. बाळ कुठल्या कुशीवर झोपायचं, कशानं रडायचं, टोपणनाव काय होतं, शेवटच्या दिवशी निघताना काय झालं, हे विचारा. "ही फार हट्टी होती, दूध गार झालं की तोंड फिरवायची" एवढं एक वाक्य मूल जन्मभर बाळगतं. आणि तिला तुमचं मूल आठवत नसेल तर तिच्यावर दबाव टाकू नका. दबावाखाली माणसं प्रेमानं खोट्या आठवणी सांगतात.

आज तिथे राहणारी मुलं बघायला मिळतील. चीनमध्ये त्यांतली बरीच अपंगत्व असलेली असतात. मुलाच्या मनात "मी गेलो, हे का राहिले?" हा प्रश्न उठतोच. त्याचं समाधानकारक उत्तर तुमच्याकडे नाही, तेव्हा उत्तर असल्याचा आव आणू नका. त्या मुलांचे फोटो काढू नका, त्यांना उचलून घेऊ नका, खाऊ वाटू नका. अनाथालयांची सहल करण्याच्या प्रकारावर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २०१९ च्या बालहक्क ठरावात चिंता नोंदवली आहे. तुमचं कारण खरं असलं तरी त्या मुलांच्या दृष्टीनं तुम्ही आलेले आणि गेलेले आणखी एक पाहुणेच असता.

भेटवस्तू काय न्यावी ते आधीच विचारा आणि शक्यतो तिथेच विकत घ्या. रोख रक्कम कुणाच्याही हातात नको. देणगी द्यायचीच तर भेट झाल्यावर, पावती घेऊन. चीनमध्ये घड्याळ भेट देऊ नये, त्या शब्दाचा उच्चार अंत्यविधीशी जुळतो. सगळ्यात चांगली भेट म्हणजे मुलाच्या वाढीचा छोटा अल्बम, मागे त्याचं तिथलं नाव मूळ लिपीत लिहिलेलं. तो मावशींना द्या.

निघायची खूणही ठरवून ठेवा. मुलानं ती केली की चहा अर्धा टाकून उठायचं, संचालक काय म्हणतील याची पर्वा न करता.

सापडल्याची जागा

कागदात एखादं फाटक, बाजार, पूल किंवा पोलीस चौकी लिहिलेली असते. तिथे जायचं का हे मुलानं त्या वेळी ठरवावं. कधीकधी एकाच संस्थेतल्या पुष्कळ मुलांच्या कागदांत एकच जागा दिसते. तेव्हा ती नोंद सोयीसाठी लिहिलेली असू शकते. गर्दीच्या जागेबद्दल इतकं सांगता येतं, की चीनमध्ये मूल टाकणं हा गुन्हा होता आणि १९८० पासून २०१५ पर्यंत एका अपत्याचं धोरण होतं. ज्यांना बाळ लवकर कुणाच्या नजरेस पडावं असं वाटे ते वर्दळीची जागा निवडत. तुमच्या मुलाच्या जन्मदात्या आईनंही असंच केलं, असं मात्र म्हणू नका. तुम्ही तिथे नव्हता.

शोध ही वेगळी गोष्ट

अनाथालयाची भेट आणि जन्मदात्यांचा शोध यांची सरमिसळ करू नका. भिंतीवर पत्रकं चिकटवली किंवा स्थानिक वार्ताहराला बोलावलं, की मुलाचा चेहरा आणि कहाणी कायमची सार्वजनिक होते, आणि हे आमचंच मूल म्हणणारी दोन-तीन कुटुंबं एकदम समोर येऊ शकतात. डीएनए तपासणीचं तेच. कोरियन वंशाचे दत्तक लोक २०२० पासून परदेशातल्या कोरियन वकिलातींत नमुना देऊ शकतात. चीनमध्ये हरवलेल्या मुलांसाठी पोलिसांचा डीएनए साठा २००९ पासून आहे, पण तिथल्या कुणाचा नमुना देशाबाहेर नेण्यावर कायदेशीर बंधनं आहेत. अजाण मुलाच्या वतीनं हे करण्याआधी दहादा विचार करा. एकदा जुळणी आली की ती न आल्यासारखं करता येत नाही.

परतल्यावर

पहिले काही दिवस मूल अगदी नेहमीसारखं वागतं आणि पालक सुटकेचा श्वास टाकतात. खरी हालचाल तीन-चार आठवड्यांनी होते: झोप बिघडते, क्षुल्लक कारणावरून चिडचिड, शाळेत भांडण, नाहीतर अचानक अंगाला बिलगणं. जवळचं माणूस आहे की नाही हेच ठाऊक नसण्याच्या दुःखाला पॉलिन बॉस या अभ्यासिकेनं 'अनिश्चित वियोग' म्हटलं आहे. त्याला तेराव्या दिवशी सुतक फिटत नाही. शाळेतल्या बाईंना आधी कल्पना द्या. महिनाभर काही निवळलं नाही, तर दत्तक मुलांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जा. नातेवाइकांना फोटो दाखवण्याचा कार्यक्रम मुलाला विचारल्याशिवाय ठेवू नका, समाजमाध्यमांवर तर नकोच.

ऐकलेलं सगळं त्याच आठवड्यात लिहून काढा, कोण काय बोललं ते त्यांच्याच शब्दांत, आणि मूळ भाषेतलं ध्वनिमुद्रण केलं असेल तर तेही जपा. पुढे दुसरा दुभाषा त्यातून वेगळं काही ऐकतो. फाइलच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. पंधरा दिवसांत संस्थेला आणि मावशींना स्वतंत्र पत्रं पाठवा, सोबत भेटीचा एक फोटो आणि तुमचा बदलणार नाही असा पत्ता. त्यांच्या दप्तरात मुलाच्या नावापुढे तो पत्ता लिहून ठेवायची विनंती करा. कधी दहा वर्षांनी कुणी बाई त्या फाटकाशी येऊन चौकशी करते, आणि कारकुनाकडे द्यायला काहीतरी असावं लागतं.